बेटावरचा वेल, तासगावची छाटणी

कुसुम,

वाद अर्ध्यावर सोडून जाणं तुझ्या स्वभावात नव्हतं. तेहेतीस वर्षं आपण कुंपणाला कुंपण लावून राहिलो. पोह्यात बटाटा घालावा की नाही, मुलांशी घरात इंग्रजी बोलावं की नाही, इथे अमेरिकेत, सनीव्हेलच्या उन्हात पापड दोन दिवसांत वाळतात की तीन, कशावरही भांडलो. भांडण संपलं की तू चहा टाकायचीस. या एकाच वादात मात्र तू मध्येच उठून गेलीस. तीन आठवडे तुझ्याशी मनातल्या मनात बोलून झालं, आता वही घेऊन बसले आहे.

वाद द्राक्षाच्या वेलाचा. खरं तर छाटणीचा. कुणाला हसू येईल, येऊ दे. त्या वेलाच्या बाबतीत मी तुझ्याशी जे वागले, ते तुला एकदा सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. तुझ्या मुलाला, हेमंतला, मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही. हा तुझ्या संस्कारांचा दोष मी आयुष्यभर काढला. आज तो उपयोगी पडतोय.

एलेनी तुझ्या पलीकडच्या घरात राहायची. सायप्रस बेटावरची, नव्वदीला टेकलेली, कायम काळ्या कपड्यात. तिच्या मागच्या अंगणात दोन वेल होते. त्यातला एक तिच्या नवऱ्यानं गावाहून कधीतरी आणलेला. कसा आणला ते तिनं सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही. मारथेफ्तिको त्याचं नाव. ते ऐकल्याबरोबर तू म्हणालीस, "यात मराठे आहेत बघ," आणि तेवढ्यावर तो वेल तुझ्या माहेरचा झाला.

२००१ साली तिच्या मुलानं घर विकायचं ठरवलं आणि तिची वृद्धाश्रमात सोय केली. त्या जानेवारीत तिनं आपल्या दोघींना मागच्या पायरीवर बसवून वेलाची सगळी कुंडली सांगितली. जगभरच्या द्राक्षांची मुळं खाणारी एक कीड आहे, ती त्यांच्या बेटावर कधी पोचलीच नाही. म्हणून तिथले वेल अजून स्वतःच्या मुळांवर उभे आहेत, दुसऱ्या जातीच्या खुंटावर कलम करावं लागत नाही. बाहेरचं आत आलं नाही, आतलं बाहेर गेलं नाही, आणि ही जात आपल्या जुन्या खोडी जपत राहिली. सगळ्यात मोठी खोड म्हणजे हा वेल एकटा फळत नाही. त्याच्या फुलातला पराग कामाचा नसतो, शेजारी दुसऱ्या जातीचा वेल असावाच लागतो. म्हणून तिनं जवळ दुसरा, साधा वेल ठेवला होता.

तिनं दोन्हींच्या काड्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. तुझ्या गॅरेजमागे एकाच मांडवाची जागा होती, म्हणून मारथेफ्तिको तुझ्याकडे आणि साधा माझ्याकडे, कुंपणाच्या या बाजूला. निघताना तिनं तुझा हात धरला. "एकदा तरी या वेलाची वाइन मला पाजा," म्हणाली. तू दोन्ही हातांनी तिचा हात धरून "प्रॉमिस" म्हणालीस. घरात दारूचा थेंब कधी न आणलेली बाई तू. घरी येताना मी म्हटलं, "अगं, वाइन करतात कशी ते तरी माहितीय का?" तर म्हणालीस, "द्राक्षं येऊ देत, पुढचं बघू."

द्राक्षं येणार याबद्दल तुला शंकाच नव्हती. तासगावला तुझ्या वडिलांची बाग होती. घड विरळायला मुली चालायच्या, पेट्या भरायला चालायच्या, पण छाटणीची कात्री फक्त तुझ्या दादाच्या हातात. छाटणी चुकली तर वर्ष जातं, ते मुलींचं काम नव्हे, असं घरात म्हणायचे. तू मांडवाखाली उभी राहून नुसतं बघायचीस. बघून बघून सगळं शिकलीस. एप्रिलमध्ये वेल पार खरडून काढायचा, ती खरड छाटणी. ऑक्टोबरमध्ये पुन्हा कापायचा, ती गोडी छाटणी. मग फळ. वर्षातून दोनदा कात्री, हे तुला शुभंकरोतीसारखं पाठ. साठीला आल्यावर, सात समुद्र ओलांडून, तुला पहिल्यांदा स्वतःची कात्री आणि स्वतःचा वेल मिळाला. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मला वाटलं, नुसती हौस.

तिसऱ्या वर्षी माझ्या वेलाला घड लागले. तुझ्या वेलाला एकही नाही. चौथ्या वर्षीही तेच.

"शैले, तू वेलाला पाणी तरी घालतेस का गं?" तू कुंपणावरून विचारलंस.

"आठवण झाली तर."

"आणि तरी घड! आळशाला देव देतो."

"कुसुम, मी एप्रिलमध्ये काही कापत नाही. तू सगळं खरडून टाकतेस, म्हणून तर नसेल?"

"तू नागपूरची. संत्र्याच्या गावची. द्राक्षातलं तुला काय कळतंय?"

"अगं, पण हे तासगाव नाही ना. इथे थंडीत वेलाची पानं गळतात. तो आधीच झोपून उठलेला असतो, त्याला परत कशाला झोपवायचं?"

"आम्ही द्राक्षात वाढलोय," तू म्हणालीस आणि आत निघून गेलीस. आठ दिवस बोलली नाहीस. नवव्या दिवशी पुरणपोळी घेऊन आलीस, पण माघार घेतली नाहीस. मग माती जड ठरली, नळाचं पाणी वाईट ठरलं, खत इथलं बेकार ठरलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हटलंसुद्धा. ते म्हणायला नको होतं. तुझा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मला अजून आठवतं.

दर महिन्याला आपण एलेनीला भेटायला जायचो. ती दारातच विचारायची, "माझा वेल?" आणि तू म्हणायचीस, "नेक्स्ट इयर." तिच्या वयात पुढचं वर्ष म्हणजे काय, ते तिलाही ठाऊक होतं आणि तुलाही. परत येताना मी गाडी चालवायचे आणि मनात म्हणायचे, एकदा तरी माझं ऐक गं बाई.

२००५ च्या फेब्रुवारीत दादांचं दुखणं निघालं आणि तू चार महिने तासगावला गेलीस. जाण्याआधी माझ्या फ्रिजवर कागद चिकटवलास. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खरड छाटणी, शैलानेच करावी, माळ्याला देऊ नये. खाली दोन रेघा मारल्या होत्यास.

आता ऐक. एप्रिलमध्ये मी तुझी कात्री घेऊन गॅरेजमागे गेले. अगदी प्रामाणिकपणे गेले होते गं. मांडवावर हातभर नवे फुटवे आले होते, आणि प्रत्येक फुटव्याच्या बुडाशी मोहरीएवढ्या कळ्यांचे इवलेसे घड. म्हणजे दर एप्रिलला तू हेच कापून टाकत होतीस. कापायच्या घाईत ते तुझ्या नजरेला दिसतच नव्हते, कारण तासगावला या छाटणीत ते नसतातच. मी कात्री बंद केली आणि वृद्धाश्रमात एलेनीला फोन लावला. तिला कमी ऐकू यायचं. तीनदा ओरडून सांगितलं तेव्हा कळलं, आणि मग ती माझ्यावर अशी ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. हिवाळ्यात एकदा, त्यानंतर हात लावायचा नाही, असं म्हणाली. ऑक्टोबरची तुझी छाटणी हिवाळ्यातली म्हणून खपून जात होती. घात करत होता तो एप्रिल.

मी कापलं नाही.

जूनमध्ये तू परत आलीस. बॅगा तशाच टाकून आधी गॅरेजमागे गेलीस, आणि मग मला तुझी हाक ऐकू आली. मला वाटलं पडलीस की काय. येऊन बघते तर तू मांडवाखाली उभी, घडाखाली हात धरून, डोळ्यांतून पाणी वाहतंय. घडातले मणी ज्वारीएवढे झाले होते.

"बघितलंस? छाटणी वेळेवर झाली की असं होतं," तू म्हणालीस. "माझ्याकडून दर वर्षी चार-आठ दिवस उशीर व्हायचा. शैले, तुझा हात चांगला आहे गं."

मी सांगणारच होते. देवाशपथ सांगणार होते. तोंड उघडलं तेवढ्यात तू फोनकडे धावलीस आणि तासगावला दादांना लावलास. "दादा, आपल्या पद्धतीनं आणली द्राक्षं अमेरिकेत. खरड छाटणी करून. हो, मीच. माझी स्वतःची." त्यानंतर तिकडून ते काय बोलले कोण जाणे, पण तू मान हलवत नुसती ऐकत राहिलीस, आणि तुझ्या चेहऱ्यावर एखाद्या शाळकरी पोरीचं हसू होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी चहा टाकला, तुझ्या स्वयंपाकघरात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

द्राक्षं सप्टेंबरमध्ये पिकली, तासगावच्या हिशेबानं भलत्याच महिन्यात. त्यालाही तुझ्याकडे उत्तर होतं. "इथे गाड्यासुद्धा उजवीकडून चालतात, वेलानं का सरळ चालावं?" काळीभोर, जाड सालीची, बी असलेली द्राक्षं. एलेनीनं पायांनी तुडवायला सांगितलं होतं. तू म्हणालीस, अन्नाला पाय लावायचा नाही. मग आपण स्टीलच्या मोठ्या पातेल्यात कोपरापर्यंत हात घालून ती कुस्करली आणि सालींसकट लोणच्याच्या बरणीत भरून वर फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी बरणी फसफसायला लागली. देवघराशेजारी हा वास नको म्हणून तिची रवानगी गॅरेजमध्ये झाली. तू दिवसातून दोनदा जाऊन वर आलेल्या साली रवीनं खाली दाबायचीस. बारा दिवसांनी सगळं चक्का टांगतात तसं मलमलच्या फडक्यात बांधून नळाला टांगलं. खाली थेंब थेंब रस. त्याचा रंग बघून तू म्हणालीस, "पैठणीला हा रंग मिळाला असता तर."

वसंतात गाळून अडीच बाटल्या भरल्या. त्यातली एक घेऊन आपण एलेनीकडे गेलो. तिच्या खोलीत काचेचे पेले नव्हते आणि तुला प्लॅस्टिक चालणार नव्हतं, म्हणून तू घरून स्टीलची तीन फुलपात्रं नेली होतीस. एलेनीनं घोट घेतला, डोळे मिटले. आपण दोघी तिच्याकडे बघत बसलो. मी माझ्या मुलीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा एवढी घाबरले नव्हते.

"फार आंबट," ती शेवटी म्हणाली.

तुझा चेहरा उतरला.

"माझ्या आईची पण आंबटच व्हायची," एलेनी म्हणाली आणि फुलपात्र पुढे केलं. "अजून थोडी" हे शब्द तिला तूच शिकवले होतेस, आपल्या घरी भजी खाताना. तेच म्हणाली.

मग तूही घोट घेतलास. आयुष्यातला पहिला, चौसष्टाव्या वर्षी. "जांभळासारखं तोंड धरतं गं," म्हणालीस आणि अर्धं फुलपात्र संपवलंस. परतताना गाडीत तू मोठमोठ्यानं शाळेतली प्रार्थना म्हणत होतीस. दोन सिग्नलवर लोकांनी वळून पाहिलं. एलेनी त्याच उन्हाळ्यात गेली, पण तुझं प्रॉमिस पुरं झालं होतं. त्यानंतरची तू वेगळीच होतीस. सैलावलीस. माझ्या पोह्यांतला बटाटासुद्धा खायला लागलीस.

पण माझी पंचाईत झाली ना! त्याच वर्षी एप्रिलची छाटणी आलीच होती. तुझे गुडघे गेले होते, शिडीवर चढणं डॉक्टरांनी बंद केलं होतं, म्हणून मी लगेच पुढे झाले. "मी करते, तू बस." तू स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसलीस. मांडव तिथून दिसत नाही हे मी आधीच बघून ठेवलं होतं. मी कात्री घेऊन गॅरेजमागे गेले, कुंपणाच्या फटीतून माझ्या अंगणात शिरले आणि माझ्याच वेलाचे निम्मे फुटवे कापले. निम्मेच, कारण तुझ्या वेलाला माझ्या वेलाचा पराग हवा होता. ते सगळं ओढत तुझ्या खिडकीसमोर आणून टाकलं.

"एवढंच निघालं?" तू आतून ओरडलीस.

"अजून आणते."

"बुडापासून कापलंस ना?"

"हो गं बाई, बुडापासून."

मला सदुसष्टावं चालू होतं. या वयात कुंपणाच्या फटीतून चोरासारखी ये-जा करत मी माझाच वेल लुटत होते. आमचे हे वरच्या खिडकीतून सगळं बघत होते. रात्री जेवताना म्हणाले, "तिला खरं सांगून टाकलंस तर काय होईल?" मी म्हटलं, "तुम्ही भाजी घ्या."

पुढच्या वर्षीही हेच केलं. पंधरा दिवसांनी तू काठी टेकत मांडवाखाली जायचीस आणि फुटवे बघून म्हणायचीस, "काय झपाट्यानं फुटलाय!" मी म्हणायचे, "कॅलिफोर्नियाचं ऊन." आता तुला खरंच कळलं नसेल का? मनात सगळं ओळखून ती गप्प बसली असेल, असं माझी मुलगी म्हणते. मी तिला सांगितलं, तू कुसुममावशीला ओळखत नाहीस. कळलं असतं तर तिनं मला जिवंत ठेवलं नसतं.

या मार्चमध्ये, हॉस्पिटलच्या तिसऱ्या दिवशी, खोलीत आपण दोघीच होतो. तुझ्या नाकात नळी होती. मी ठरवूनच आले होते की आज सांगायचं. माफी मागायची आणि भांडण पुरं करून टाकायचं. मी म्हटलं, "कुसुम, वेलाबद्दल एक बोलायचं होतं." तू डोळे उघडलेस. "एप्रिल आलाय," म्हणालीस. "विसरू नकोस हां." मी "नाही विसरणार" म्हटलं आणि तुझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

मी किती भित्री आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आणि तुझ्यावर माझा किती जीव आहे, हेही. जिवंतपणी दोन्हीपैकी एकही तुला सांगितलं नाही.

गेल्या रविवारी सकाळी हेमंत आला. हातात तुझी कात्री आणि तुझी बागेची वही. त्याच्यासाठी म्हणून तू शेवटी शेवटी इंग्रजीत लिहीत होतीस.

"मावशी, आईनं लिहिलंय, एप्रिल, कट एव्हरीथिंग. तीनदा अंडरलाइन केलंय. हाउस सेल करायच्या आधी मला हे एकदा तिच्यासाठी करायचंय. विल यू शो मी?"

आम्ही मांडवाखाली उभे राहिलो. फुटव्यांच्या बुडाशी कळ्या दिसत होत्या. पोराचे डोळे सुजलेले. आईची शेवटची इच्छा पुरी करायला आलेल्या मुलाला कुठल्या तोंडानं सांगायचं की तुझी आई सात वर्षं चुकत होती, आणि तीन वर्षं मी तिला फसवत होते? आणि नाही सांगितलं तर तो हे सगळं खरडणार. वर पुढच्या मालकाला वेल देताना वहीसुद्धा देणार, म्हणजे तोही दर एप्रिलला हेच करणार. एलेनीचा वेल जगेल, पण पुन्हा कधी फळणार नाही.

"थांब," मी म्हटलं. "ते जुनं आहे. तुझ्या आईनं नंतर पद्धत बदलली होती."

"रिअली?"

"हो. तिनंच शोधून काढलं. इथे वेल हिवाळ्यात झोपतो, म्हणून एकदाच छाटायचा. एप्रिलमध्ये कळ्या असतात, हात लावायचा नाही. हे बघ, या कळ्या. तासगावच्या लोकांना हे माहीत नाही. तुझ्या आईनं वर्षानुवर्षं प्रयोग करून शोधलं."

"मग वहीत का नाही लिहिलं?"

"आधीचं चुकलं होतं, हे तुझी आई लिहून ठेवणार?"

तो हसला. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसला, आणि हसता हसता रडला. मग खिशातून पेन काढून त्यानं एप्रिलची ओळ खोडली आणि मी सांगितलेलं सगळं खाली लिहिलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, आईज मेथड.

मग आम्ही गॅरेजमधली गेल्या वर्षीची वाइन बाटल्यांत भरली. हेमंतला त्यातलं कळतं. पेला फिरवून, वास घेऊन, घोट तोंडात घोळवून तो म्हणाला, "मावशी, दिस इज ॲक्चुअली गुड." यंदा आंबटपणा कमी आहे, कुसुम. तू असतीस तर श्रेय स्वतःकडे घेतलं असतंस, आणि ते बरोबरही असतं. पाणी, खत, मांडव, सगळं तुझंच होतं. माझं फक्त न कापणं.

त्यानं तिथूनच मामांना फोन लावला, तासगावला, स्पीकरवर. मोडक्यातोडक्या मराठीत त्यांना सगळं समजावलं. आईनं एप्रिल छाटणी बंद केली, स्वतः शोधलं, म्हणून द्राक्षं आली. मला वाटलं, दादा आता वाद घालतील. पन्नास वर्षं कात्री चालवलेला माणूस.

पण दादा म्हणाले, "तिला द्राक्ष कळत होतं, बाळा. माझ्यापेक्षा जास्त." एवढंच बोलले आणि वहिनींच्या हातात फोन दिला.

बरोबर मी होते, कुसुम. आणि हे मी आता जन्मात कुणाला सांगणार नाही.

शैला